शिंत्रेबाईंच्या वहीतलं पान

‘‘कॅमेऱ्याच्या काचेवर कुंकू कुणी लावलं?’’ मी विचारलं.

‘‘मी. पूजा मीच केली,’’ आठल्येशास्त्री म्हणाले. ‘‘त्यानं बिघडलं का?’’

‘‘छे. फक्त तुमच्या यंत्राला आता आपण दिसत नाही.’’

शास्त्रीजींना विनोद कळायला वेळ लागायचा आणि कळला की राग यायचा, म्हणून मी घाईनं रुमाल काढून काच पुसली. पडद्याला झेंडूची माळ घातली होती. कीबोर्डच्या फटींत अक्षता जाऊन बसल्या होत्या. टेबलाच्या कोपऱ्याशी शिंत्रेबाई उभ्या होत्या, हातात निळ्या पुठ्ठ्याची लांबडी वही घेऊन. त्यांना खुर्ची होती, पण कालपासून त्या तिच्यावर बसल्या नव्हत्या म्हणे.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. वाईत, ‘शुभोदय पंचांगा’च्या कचेरीतली. मी तेव्हा साताऱ्याला राहायचो. जिल्ह्यातले निम्मे छापखाने, दोन-तीन पतपेढ्या आणि हे एक पंचांग यांची कॉम्प्युटरं माझ्याकडे होती. म्हणजे ती बिघडली की मी जायचो, दुरुस्त करायचो आणि बिघडवणाऱ्याची यथेच्छ टिंगल करून परत यायचो. लोक ऐकून घ्यायचे. अडला हरी म्हणतात तो प्रकार.

पंचांग शास्त्रीजींच्या वडिलांनी काढलेलं. थोरले शास्त्री खरे गणिती होते. ग्रहण कधी लागणार हे ते पाटीवर मांडून सांगायचे आणि ते मिनिटभरही चुकायचं नाही, असं वाईतली म्हातारी माणसं अजून सांगतात. मुलाच्या वाट्याला त्यातलं आलं ते उपरणं आणि सही. ते नागपूरच्या कुठल्याशा ज्योतिष संमेलनाला गेले आणि तिथं मुंबईच्या एका ज्योतिष्याकडे त्यांनी मॅक पाहिला. पत्रिका तीच, भविष्यं तीच, पण पडदा असा चकचकीत की यजमानानं भविष्याआधी पडद्यालाच नमस्कार करावा. परत आल्यावर आठवड्याच्या आत वाईत मॅक दाखल झाला.

आता गंमत अशी की, तिथी-नक्षत्रांचं गणित करणारं आणि पंचांगाची पानं लावणारं त्यांचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालायचं. हे मी त्यांना आधी सांगितलं होतं. ‘‘मग त्याच यंत्रात विंडोज घाला की,’’ ते म्हणाले होते. म्हणून मी मॅकच्या डिस्कचे दोन भाग केले; एकात मॅक, दुसऱ्यात विंडोज. शर्यतीचा घोडा घ्यायचा आणि त्याला बैलगाडीला जुंपायचं, तसं. मॅकच्या बाजूला शास्त्रीजींच्या व्याख्यानांचे व्हिडिओ आणि नातवाच्या मुंजीचे फोटो. विंडोजच्या बाजूला अख्खं पंचांग आणि शिंत्रेबाई.

बाई तिथं थोरल्यांच्या वेळेपासून होत्या. पंचांगातला एकूण एक आकडा त्यांच्या हातून जायचा. थोरल्यांनी त्यांना एकच शिस्त लावलेली: आकडा दिसला की उतरवायचा, डोळ्यावर विसंबायचं नाही. ती त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की, मी डिस्कचे भाग पाडत होतो त्या दिवशीही त्या शेजारी वही घेऊन बसल्या होत्या.

‘‘सर, जरा थांबा. हा आकडा उतरवते.’’

‘‘बाई, हा आकडा तुम्हाला जन्मात लागणार नाही.’’

‘‘नसेल लागत. तुम्ही पुढं जाऊ नका फक्त.’’

‘‘वह्या संपाव्यात म्हणून तर माणसानं कॉम्प्युटर काढला.’’

त्यांनी मान डोलावली आणि उतरवून घेतलं. पहिल्या पानावर लाल शाईत लिहिलं होतं, ‘यंत्राची वही’. पानांना आधीच नंबर घालून ठेवले होते. साताऱ्यात कितीतरी दिवस मी मित्रांना ही वही सांगून हसवत होतो.

तर दोन वर्षांनी मॅकची नवी आवृत्ती आली. शास्त्रीजींना ती हवी होती, कारण मुंबईच्या ज्योतिष्याकडे ती होती. त्यासाठी त्यांनी मुहूर्त काढला. गुरुवारी गुरुपुष्यामृत होतं, त्यातही दहा बेचाळीस ते अकरा अठरा ही वेळ उत्तम. लोक गुरुपुष्यावर सोनं घेतात, यांनी अपग्रेड घेतला. नारळ फोडला, माळ घातली, आणि माउसवर हात मात्र शिंत्रेबाईंचा ठेवायला लावला. बिघडलं तर कुणाचा हात होता हे ठरलेलं असावं, एवढं व्यवहारज्ञान त्यांना वडिलांच्या गणिताशिवायही होतं.

अपग्रेड झाला. मॅक नव्या रंगात उजळून निघाला आणि विंडोज गायब झालं.

‘‘गायब म्हणजे?’’ मी शुक्रवारी सकाळी विचारलं.

‘‘सुरू करताना पूर्वी दोन चित्रं यायची. आता एकच येतं,’’ बाई म्हणाल्या.

मी पाहिलं. खरंच होतं. मॅकच्या डिस्कच्या यादीत विंडोजच्या जागी एक करडी, बिननावाची पट्टी होती. तिच्यावर गेलं की यंत्र नम्रपणे विचारायचं, ही जागा वाचता येत नाही, नव्यानं तयार करू का?

‘‘याला हो म्हणालात का?’’

‘‘नाही. काल शास्त्रीजी म्हणत होते, दाबून बघा. मी नाही दाबलं.’’

‘‘मी असं म्हटलंच नव्हतं,’’ शास्त्रीजी म्हणाले.

बाईंनी ते दाबलं असतं तर मी पुढच्या पाच मिनिटांत चहा पिऊन साताऱ्याला परतलो असतो. हे मी तेव्हा बोललो नाही.

‘‘सोमवारी पुण्याचा छापखाना पानं मागतोय,’’ शास्त्रीजी म्हणाले. ‘‘पुढच्या वर्षाचं सगळं पंचांग त्यात आहे. सात महिन्यांचं काम. बॅकअपची डिस्क तुम्ही लावून दिली होती ना?’’

दिली होती. ती मी जोडली आणि उघडली. मुंज होती, व्याख्यानं होती, शास्त्रीजींचा शाल-श्रीफळ घेतानाचा फोटो सोळा वेळा होता. पंचांगाचं एक पान नव्हतं. मॅकची ती बॅकअपची सोय मॅकच्याच बाजूचा बॅकअप घेते, विंडोजच्या भागाला हात लावत नाही. ही गोष्ट शिकाऊ माणसालाही ठाऊक असते. मलाही होती. दोन वर्षांपूर्वी डिस्क लावताना मी घाईत होतो आणि ‘आता सगळं सुरक्षित’ असं सांगून निघालो होतो.

‘‘यात विंडोजचा भाग येत नाही,’’ मी म्हणालो. ‘‘तो वेगळा काढायचा असतो. रोज काम करणाऱ्यानं.’’

शास्त्रीजींनी शिंत्रेबाईंकडे पाहिलं.

‘‘मला कुणी तसं सांगितलं नव्हतं,’’ बाई म्हणाल्या.

‘‘सगळंच सांगावं लागतं का?’’ शास्त्रीजी म्हणाले. मग माझ्याकडे वळले. ‘‘या म्हणतात, काल अपग्रेड करताना तुम्हाला फोन केला होता.’’

‘‘आला होता. जागा कमी पडते म्हणाल्या. नको त्या फाइली काढा म्हटलं.’’

‘‘सर, ते नंतर,’’ बाई म्हणाल्या. ‘‘आधी तुम्ही कड...’’

‘‘बाई, आता ते उगाळून काय होणार? मला काम करू द्या.’’

‘‘बरोबर आहे,’’ शास्त्रीजी म्हणाले. ‘‘एक सांगून ठेवतो, शिंत्रेबाई. संध्याकाळपर्यंत पंचांग आलं नाही, तर उद्यापासून येऊ नका. वडिलांच्या वेळच्या म्हणून आजवर चालवून घेतलं.’’

बाई पन्नाशीच्या होत्या. नवरा घरी बसून होता आणि वाईसारख्या गावात पंचांगाचे आकडे लावणाऱ्या बाईला दुसरं काम कोण देणार? त्यांनी वही छातीशी धरली.

मी कामाला लागलो. अशा वेळी डेटा कुठं जात नाही. शेत जागेवरच असतं, फक्त बांध सरकलेला असतो. डिस्कच्या सुरुवातीला एक छोटी यादी असते, कोणता भाग कितव्या आकड्यापासून सुरू होतो आणि किती लांब आहे याची. ती बिघडली की मशीनला शेत दिसेनासं होतं. खरे आकडे परत लिहिले की सगळं उभं राहतं. चुकीचे लिहिले तर मात्र विंडोज सुरू होताना स्वतःच ‘दुरुस्ती’ करायला घेतं आणि उभं पीक नांगरून टाकतं.

खरी सुरुवात शोधणारं सॉफ्टवेअर मी लावलं. तीन तास ते डिस्क चाचपत बसलं. शास्त्रीजी मध्ये दोनदा येऊन ‘राहुकाळ लागलाय, जरा थांबता का’ म्हणून गेले. मी म्हटलं, ‘‘मी थांबतो, राहूला विचारा तो थांबतो का.’’ तीन तासांनी सॉफ्टवेअरनं एक नाही, तीन सुरुवाती दाखवल्या. पहिल्यांदा विंडोज घालताना मी दोन वेळा चुकलो होतो आणि तिसऱ्या वेळी जमलं होतं. त्या दोन चुकांच्या खुणा डिस्कवर तशाच राहिल्या होत्या. तिन्ही एकसारख्या दिसत होत्या. तिन्हींतली खरी कोणती, हे सांगायला देवही आला नसता.

मी खुर्ची मागं सरकवली.

‘‘सर,’’ बाई म्हणाल्या, ‘‘तुम्हाला सुरुवातीचा आकडा पाहिजे का? आणि लांबीचा?’’

त्यांनी वही उघडून माझ्यापुढं ठेवली. तिसरं पान. आकड्यांच्या वरच्या दोन जोड्या एका रेघेनं खोडल्या होत्या, बाजूला ‘सर चुकले, पुन्हा’ असं दोनदा लिहिलं होतं. खाली तिसरी जोड. दर तीन अंकांनंतर बारीक टिंब, वाचताना चुकू नये म्हणून. पडद्यावरच्या तीनपैकी एकीशी ती तंतोतंत जुळत होती.

‘‘लागले ना शेवटी?’’ त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता. त्यांना बरं वाटलं होतं एवढंच.

‘‘योगायोग,’’ मी म्हणालो.

‘‘मी चहा टाकते. शास्त्रीजींनाही सांगते, आशा आहे म्हणून.’’

त्या आत गेल्या. मी आकडे लिहिले, दोनदा तपासले, मग एकदा बोट ठेवून तपासले. मॅकनं विचारलं, बदल कायम करू? मी हो म्हणालो आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. दोन चित्रं आली. विंडोजचं निळं चित्र इतकं सुंदर मला आधी कधी दिसलं नव्हतं. मी मोठ्यानं ‘जमलं’ म्हणणार होतो. विंडोज उघडायला मिनिटभर लागणार होतं म्हणून हाताला चाळा असावा तशी मी वहीची पानं उलटली.

शेवटचं लिहिलेलं पान कालचं होतं. एका बाजूला सकाळी सव्वानऊला उतरवलेले कसले तरी नंबर. पाठीमागं, दहा एक्कावन्नला, माझं नाव.

मी ते वाचलं. चार-पाच ओळी होत्या. वाचून झाल्यावर मी दाराकडे पाहिलं. आत कपबशांचा आवाज येत होता. मी वहीवर डावा हात दाबून धरला आणि ते पान फाडलं. शिवणीपासून नीट निघालं. घडी करून शर्टाच्या खिशात घातलं आणि वही बंद करून होती तिथं ठेवली. याला एवढाच वेळ लागला.

शास्त्रीजी आले, मागून ट्रे घेऊन बाई. ‘‘आलं?’’

‘‘आलं,’’ मी म्हणालो. ‘‘माझ्याकडे आलेलं काम परत जात नाही.’’

बाईंचे डोळे भरून आले. ट्रे त्यांनी टेबलावर ठेवला. त्यांनी पुढं होऊन पंचांगाचं सॉफ्टवेअर उघडलं आणि पडद्यावर एक चौकट आली. डिस्कच्या यादीत फेरफार झाल्यानं त्याला आपण नव्या यंत्रावर आलो असं वाटत होतं, ते परवान्याचा नंबर मागत होतं. पंचवीस अक्षरं.

‘‘हा कुठं मिळेल?’’ शास्त्रीजी म्हणाले. ‘‘ती कंपनी तर बंद पडली.’’

‘‘काल सकाळीच उतरवून ठेवलाय,’’ बाई म्हणाल्या. ‘‘म्हटलं, यंत्राला हात लावायच्या आधी असावा. सत्तेचाळिसावं पान.’’

त्यांनी वही उघडली. पंचेचाळीस, सेहेचाळीस. त्यानंतर एकोणपन्नास.

त्यांनी बोटाला थुंकी लावून पानं पुन्हा उलटली. मग बोट शिवणीवरून वरपासून खालपर्यंत फिरवलं. तिथं कागदाची बारीक कड राहिली होती. त्यांचं बोट त्या कडेवर थांबलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

त्यांना कळलं होतं. त्या थांबल्या होत्या. रागावल्या नव्हत्या, मला वेळ देत होत्या. मी आता इतकं नक्की सांगतो, कारण त्यानंतर तसं माझ्यासाठी कुणी थांबलेलं मला आठवत नाही. पान माझ्या खिशात होतं. नुसतं बाहेर काढून टेबलावर ठेवायचं होतं.

‘‘पान कुठं गेलं?’’ शास्त्रीजींनी विचारलं.

‘‘जुनी वही आहे,’’ मी म्हणालो. ‘‘सुटून पडलं असेल कुठं. मी यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, वह्यांवर विसंबू नका.’’

‘‘बघा,’’ शास्त्रीजी म्हणाले. ‘‘ही यांची शिस्त.’’

बाईंनी वही मिटली. खुर्ची ओढली आणि कालपासून पहिल्यांदा तिच्यावर बसल्या. मग कीबोर्डवर हात ठेवून, पडद्याकडे बघत त्यांनी पंचवीस अक्षरं टाईप केली. कुठंही न अडखळता. एन्टर दाबलं आणि पंचांग उघडलं. चैत्र शुद्ध प्रतिपदा, सूर्योदय, सूर्यास्त, सगळे आकडे रांगेत उभे होते.

‘‘अहो, पाठ होता तर पान कशाला शोधत बसलात?’’ शास्त्रीजी म्हणाले.

‘‘लिहिलेलं असलं की चूक कुणाची ते कळतं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘थोरले म्हणायचे.’’

छापखान्याला सोमवारी पानं गेली, आणि मंगळवारी शास्त्रीजींनी बाईंना घरी बसवलं. मला फोनवर म्हणाले, ‘‘पंचांग आलं तरी हलगर्जीपणा तो हलगर्जीपणाच. तुम्हीच म्हणालात ना, रोज काम करणाऱ्यानं बॅकअप घ्यायचा असतो?’’

‘‘हो,’’ मी म्हणालो, ‘‘तसा नियमच आहे.’’

बाईंच्या जागी त्यांनी आपला भाचा आणून बसवला. पुढच्या तीन वर्षांत त्यानं दोन एकादश्या चुकवल्या आणि गिऱ्हाईक दुसऱ्या पंचांगांकडे गेलं. पण त्या वर्षीच्या ‘शुभोदय’ला अजून तोड नाही, एकही आकडा चुकलेला नाही. शेवटच्या पानावर ऋणनिर्देश आहे: ‘संगणक-संकटातून पंचांग सुखरूप बाहेर काढणारे साताऱ्याचे तंत्रज्ञ श्री. मिलिंद सबनीस.’ माझ्या आईनं तो कापून देवघरात लावला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. शिंत्रेबाईंचं नाव त्या पंचांगात कुठंच नाही.

मी त्यांना परत भेटलो नाही. त्या मेणवलीला भावाकडे राहायला गेल्या एवढं ऐकलं. मेणवली वाईपासून मोटारसायकलनं दहा मिनिटं. मी बारा वर्षांत गेलो नाही, आणि लोकांना हसायची सवय मात्र माझी कायम राहिली. परवा एका पोरीनं दुकानात येऊन विचारलं, ‘‘सर, डेटा जाणार नाही ना?’’ तिला काहीतरी खवचट उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि शब्द जिभेवर आले तसे ओळखीचे वाटले. घरी येऊन मी ते पान काढलं. पूर्वी ते शर्टाच्या खिशातून पाकिटात आणि पाकिटातून कपाटातल्या फायलीत गेलं होतं. घडीवर फाटलंय, पण शाई चांगली आहे. शिंत्रेबाईंचं अक्षर गोल आणि सरळ. अठ्ठेचाळिसावं पान:

‘गुरुवार. १०.५१. जागा कमी पडते असे यंत्र सांगते. श्री. सबनीस सर यांना फोन केला. म्हणाले, विंडोजच्या भागाची कड ओढून लहान करा. आत पंचांग आहे, धोका नाही ना, असे विचारले. पुन्हा विचारले. ते हसले व म्हणाले, गुरुपुष्यावर कसला आलाय धोका. सर जाणकार आहेत. कड ओढली.’